वादळ समुद्रातलं, पाणी मात्र आपल्या ओढ्याला!

"जतमध्ये चक्रीवादळ? अहो, आधी पाण्याचा टँकर तरी वेळेवर येऊ दे, मग वादळाचं बघू!"

हा विषय काढला की आपल्याकडच्या बायकांकडून असंच उत्तर यायचं, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही. जत म्हटलं की माळरान, कुसळं, बाभळी, शाळू आणि डोक्यावर हंडा घेऊन चाललेली बाई हेच चित्र डोळ्यांपुढं येतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेला महापूर आला होता, लोक घरांच्या गच्चीवर अडकले होते, आणि त्याच दिवसांत त्याच जिल्ह्यातल्या जत-आटपाडीत टँकरची वाट बघणं चालू होतं. ज्या तालुक्यात पावसासाठी देवाला साकडं घालतात, तिथं पावसापासून जीव वाचवायची तयारी करा म्हटलं तर हसू येणारच.

पण मैत्रिणींनो, हसून झालं की एकदा नकाशा काढून बघा. मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातला असला तरी चालेल. कोकणचा किनारा आपल्यापासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर, मधे सह्याद्री. आंध्रचा काकीनाडा किनारा सुमारे साडेसातशे किलोमीटर, आणि मधे? मधे आपल्या सह्याद्रीसारखी सलग भिंतच नाही. आपल्याकडचा मोठा पाऊस बहुतेक वेळा याच पूर्वेच्या उघड्या दारानं येतो.

२०२० चा ऑक्टोबर आठवतोय का?

कोरोनाचं वर्ष. माणसं आधीच घरात कोंडलेली. ११ ऑक्टोबरच्या सुमारास बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तीव्र झालं. १३ तारखेला सकाळी ते काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर चढलं. नेहमी अशी वादळं जमिनीवर आली की विरून जातात. हे विरलं नाही. तेलंगण, उत्तर कर्नाटक असं करत १४ तारखेला ते सोलापूर, सांगली, पुण्याच्या अंगावर आलं आणि पुढं थेट अरबी समुद्रात उतरलं. म्हणजे एका समुद्रातून निघून आपल्या दारावरून दुसऱ्या समुद्रात गेलं!

जातजाता काय करून गेलं? पंढरपुरात चंद्रभागेच्या काठी कुंभार घाटाची भिंत कोसळली आणि पावसाच्या आडोशाला थांबलेली सहा माणसं तिच्याखाली गेली. उजनीतून पाणी सोडावं लागलं, भीमेला पूर आला, गावंच्या गावं पाण्यात गेली. आपल्या जत, आटपाडी, कवठेमहांकाळच्या पट्ट्यात द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांत पाणी साठलं, ओढे रस्त्यांवरून वाहिले. ज्या ओढ्यात एरवी वर्षभर मुलं क्रिकेट खेळतात, तो त्या दोन दिवसांत कुणालाच ओळखू आला नाही.

आणि हे काही पहिलं-शेवटचं नव्हे. २०२५ च्या सप्टेंबरात सीना नदीनं सोलापूर जिल्ह्यातल्या माढा, करमाळा, मोहोळ भागात हाहाकार उडवला. तोही दुष्काळी म्हणूनच ओळखला जाणारा मुलूख. लोकांना बोटीतून काढावं लागलं.

आपले जुने लोक "हत्तीचा पाऊस" म्हणायचे तो हाच काळ. हस्त नक्षत्र, मुलींचा हादगा, रब्बीची पेरणी आणि द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी. बंगालच्या उपसागरात वादळं उठण्याचा मुख्य हंगामही हाच, ऑक्टोबर ते डिसेंबर. दुसरा हंगाम एप्रिल ते जूनचा, तेव्हा अरबी समुद्रही खवळतो. या दोन वेळा कॅलेंडरवर लाल पेनानं खूण करून ठेवण्याजोग्या आहेत.

वादळ विझतं, पाणी उरतं

हे होतं कसं, ते साध्या भाषेत समजून घेऊ. समुद्राचं पाणी साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर तापलं की त्याची वाफ मोठ्या प्रमाणात वर जाते आणि तीच वादळाचं जळण होते. वादळ जमिनीवर आलं की हे जळण तुटतं आणि वाऱ्याचा जोर कमी होतो. पण चुलीतलं लाकूड ओढून घेतलं म्हणून पातेल्यातलं पाणी लगेच थंड होतं का? तसंच हे. वारा मंदावतो, पण वर उचललेलं ते सगळं पाणी ढगात तसंच असतं. ते कुठंतरी पडणारच.

म्हणून टीव्हीवर "वादळाची तीव्रता कमी झाली" असं ऐकलं की आपण सुटकेचा श्वास टाकतो, तो थोडा लवकर टाकतो. किनाऱ्यावरच्या बाईसाठी ती बातमी चांगली असते. आपल्यासाठी कधीकधी तिथूनच सुरुवात होते.

अमेरिकेचं उदाहरण ताजं आहे. नॉर्थ कॅरोलायना राज्यात डोंगरात वसलेलं ॲशव्हिल नावाचं शहर आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तिथल्या लोकांचा समज असा की, वादळबिदळ हे किनाऱ्यावरच्या लोकांचं दुखणं. हवामान बदलाच्या काळात राहायला सुरक्षित जागा म्हणून त्या गावाचं नाव घेतलं जायचं. २६ सप्टेंबर २०२४ च्या रात्री हेलीन नावाचं वादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळलं आणि दुसऱ्या दिवशी या डोंगरातल्या नद्या फुगल्या, दरडी आल्या, रस्ते वाहून गेले. त्या एका राज्यात शंभरावर माणसं गेली. ॲशव्हिलच्या नळांना सात आठवड्यांहून जास्त काळ पिण्याजोगं पाणी नव्हतं! एवढा श्रीमंत देश, एवढी यंत्रणा, उपग्रह, सगळं होतं. इशाराही होता. पण "आमच्याकडं येत नाही" हा विश्वास इशाऱ्यापेक्षा मोठा ठरला.

आपल्या घराला धोका कशाचा?

जतच्या घराला समुद्राच्या लाटेचा धोका नाही. धोका आहे तो चार गोष्टींचा, आणि चारही आपल्या रोजच्या ओळखीच्या आहेत.

पहिला पत्रा. आपल्याकडं निम्म्या घरांवर, गोठ्यांवर, शेडवर पत्रा असतो आणि पत्र्यावर दगड ठेवलेले असतात. मोठ्या वाऱ्यात पत्रा उडतो आणि तो दगड खाली येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि घाट चढून पुणे जिल्ह्यातल्या मावळ, मुळशी, खेड, जुन्नरपर्यंत गेलं. घरांचे पत्रे, पॉलिहाऊस, विजेचे खांब यांची दैना झाली. त्या दिवशी पुणे जिल्ह्यात उडणारा पत्रा धरून ठेवायला गेलेल्या एका माणसाचा जीव गेला. पत्रा पुन्हा विकत मिळतो, एवढं घरातल्या कर्त्या माणसाला आजच बजावून ठेवा. दगडांऐवजी पत्र्याला हूक-बोल्ट मारून घेतलेले कधीही बरे.

दुसरी भिंत. निसर्गच्या त्याच दिवशी खेड तालुक्यात घराची भिंत पडून एक वयस्कर बाई गेली. आपल्याकडं जुनी माळवदाची घरं, पांढऱ्या मातीच्या भिंती अजून खूप आहेत. उन्हाळ्यात थंडगार, हिवाळ्यात उबदार. पण दोन दिवस संततधार लागली की माळवदावरची माती पाणी पिऊन जड होते, भिंत खालून भिजते आणि पाऊस थांबून ऊन पडल्यावरही ती कोसळू शकते. अशा घरात सासूबाईंची बाज नेमकी भिंतीला लागून असते. ती तेवढी आधी हलवा.

तिसरा ओढा. आपल्या बोर नदीला आणि ओढ्यांना वर्षातले बरेच महिने पाणी नसतं, त्यामुळं त्यांची भीती मोडलेली असते. पात्राच्या कडेला घरं होतात, पात्रातून रस्ता जातो. पण उघड्या माळावर पडलेलं पाणी मुरायला थांबत नाही, तासा-दोन तासांत खाली येतं. अर्धा फूट वाहतं पाणी मोठ्या माणसाचा पाय उचलतं. फूटभर पाण्यात छोटी गाडी ढकलली जाते, दोन फुटांत जीपसुद्धा वाहू लागते. "रोजचा रस्ता आहे, मोटारसायकल निघेल" म्हणून पुलावर घातलेली गाडी, मागं बायको, मधे लेकरू. अशा बातम्या दरवर्षी वाचतो ना आपण? अशा वेळी गाडीवरून खाली उतरून "मी येणार नाही" म्हणणारी बाई हट्टी नसते, शहाणी असते.

चौथी वीज. वळवाच्या आणि परतीच्या पावसात ती जास्त पडते. झाडाखाली थांबायचं नाही आणि माळावर एकट्या शेडचा आडोसा घ्यायचा नाही, हे मुलांना पाठ करून घ्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' हे मोबाईल ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता असेल तर सांगतं. घरात एका फोनवर तरी ते असू द्या.

आपल्यातल्या कितीतरी जणींचं माहेर किंवा लेकीचं सासर पाटण, जावळी, शिराळा अशा डोंगराच्या कडेला आहे. तिथं पाचवा धोका दरडीचा. ३० जुलै २०१४ ला माळीण गाव डोंगराखाली गेलं, १५१ माणसं गेली. जुलै २०२१ मध्ये पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं रात्री डोंगर घरांवर आला. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. ही चक्रीवादळं नव्हती, मुसळधार पाऊस होता, पण माणसं घरात झोपलेली असताना सापडली, हे सगळीकडं सारखं. घरामागच्या जमिनीला नवी भेग, झाडं आणि खांब कललेले, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं, दारं-खिडक्या एकाएकी अडकू लागणं, ही लक्षणं दिसली तर रात्र त्या घरात काढायची नाही. लेकीला फोन करून एवढं जरूर सांगा.

सगळ्यात शेवटी निघते ती बाई

आता खऱ्या मुद्द्यावर येते. धोका आहे हे कळलं, तरी घर सोडून निघतं कोण आणि कधी?

२९ एप्रिल १९९१ च्या रात्री बांगलादेशात मोठं चक्रीवादळ आलं. सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली. नंतर अभ्यास झाला, तेव्हा वीस ते चव्वेचाळीस या वयातले हजारी १५ पुरुष गेलेले आढळले आणि बायका हजारी ७१. जवळजवळ पाचपट! वारा काही बाई-पुरुष बघून येत नाही. मग असं का? नवरा घरी नाही, त्याला विचारल्याशिवाय कसं निघायचं, म्हणून बायका थांबल्या. लेकरं आणि म्हातारी माणसं त्यांच्या अंगावर होती. अंगभर साडी पाण्यात पायाला गुंडाळली. इशारा बाजारात पोचला, घरात पोचलाच नाही. आणि निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र कशी काढायची, या संकोचानंही कितीतरी जणी घरातच राहिल्या.

यातलं कुठलं कारण आपल्याला परकं वाटतं, सांगा बरं?

आपल्याकडची बाई घर सोडताना काय म्हणते? "म्हैस कुणाच्या भरवशावर सोडू?" "कणगीत वर्षाचं जोंधळं आहे." "सासूबाईंना चालवत नाही." "हे आले की बघू." "शाळेत संडास नाही, पोरीला घेऊन कुठं जाऊ?" यातलं एकही कारण खोटं नाही. घर तिच्या हातानं उभं राहिलेलं असतं, म्हणून तिचा पाय निघत नाही. पण नेमकी हीच कारणं तिला शेवटच्या बोटीपर्यंत थांबवतात.

आणि शेवटच्या बोटीचं काय होतं ते आपल्या जिल्ह्यानं पाहिलंय. ८ ऑगस्ट २०१९, पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. गावाला पाण्यानं वेढा घातलेला. ग्रामपंचायतीच्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली आणि बोट उलटली. सतरा जण गेले, त्यात बायका आणि लेकरं जास्त. ती माणसं सुरक्षित जागी जायलाच निघाली होती. त्या वेळी कृष्णाकाठच्या कितीतरी घरांत हिशोब एकच होता: "२००५ ला पाणी इथवर आलं होतं, त्याच्या पुढं येणार नाही." सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, म्हणजे २००५ पेक्षा तीन फुटांहून जास्त. जुनी खूण दगा देऊन गेली.

म्हणून निघायचं ते पाणी दारात आल्यावर नव्हे. रस्ता कोरडा आहे, उजेड आहे, सासूबाईंना रिक्षात बसवता येतंय, तोवर. लवकर निघणं हा भित्रेपणा नाही. उलट, बोटीची वेळच येऊ न देणं हेच खरं.

लवकर निघाल्यानं काय साधतं ते ओडिशानं दाखवून दिलंय. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथं सुमारे दहा हजार माणसं गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन आलं, तेव्हा जवळपास दहा लाख लोकांना आधीच हलवलं होतं. मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. बांगलादेशानंही धडा घेतला. निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या, जनावरांसाठी जागा केल्या आणि इशारा घरोघर पोचवणाऱ्या स्वयंसेवकांत आता सुमारे निम्म्या बायका आहेत. बाईला बाईनं येऊन सांगितलं की ती निघते, हे त्यांना कळलं.

घरात बसून ठरवायच्या गोष्टी

२०२० च्या वादळाची पहिली खबर ११ तारखेला होती, आपल्याकडं ते १४ ला आलं. तीन दिवस! लग्नाचा बस्ता होतो तीन दिवसांत. फक्त काय करायचं ते आधी ठरलेलं हवं. एखाद्या निवांत संध्याकाळी चहा टाका आणि घरातल्या सगळ्यांना बसवून एवढं ठरवा.

*निघायची खूण.* हवामान खात्याचे रंग लक्षात ठेवा. यलो म्हणजे नजर ठेवा, ऑरेंज म्हणजे तयारीत राहा, रेड म्हणजे हालचाल करा. मातीचं घर, ओढ्याकाठचं घर किंवा डोंगराखालचं घर असेल, तर रेडची वाट बघू नका, ऑरेंजलाच हला. आणि मुख्य म्हणजे, "हे घरी नसतील तर मी निघणार" हे नवऱ्यासमोर, सासऱ्यांसमोर आधीच बोलून ठेवा. ऐन वेळी परवानगी मागायला फोनला रेंज नसते.

*जायची जागा.* गावातच उंचावरच्या पक्क्या घरातले भाऊबंद, मैत्रीण, शाळा, मंगल कार्यालय. एक जागा नक्की करा आणि दुसरी हाताशी ठेवा. तिथं जायच्या वाटेत ओढा आडवा येत नाही ना, तेही बघा.

*कुणाला कोण आणणार.* अंथरुणावरची आजी, गरोदर सून, दिव्यांग मूल, यांची नावं आणि त्यांना आणणाऱ्याचं नाव समोरासमोर ठरवा. "कुणीतरी आणेल" म्हटलं की कुणीच आणत नाही.

*जनावरं.* नेता येत असतील तर आदल्या दिवशी उंचावर न्या. नसतील तर निदान दावं सोडून द्या. मोकळं जनावर जीव वाचवतं, बांधलेलं बुडतं.

*पिशवी.* एक जाड प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात घराची कागदं: रेशनकार्ड, आधार, सातबारा, बँकेची आणि बचत गटाची पासबुकं, मुलांचे दाखले, जमतील त्यांच्या झेरॉक्स. बीपी-शुगरच्या गोळ्या आठवडाभराच्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी. बॅटरी, फोनचा चार्जर, काडेपेटी, थोडे रोख पैसे, सॅनिटरी पॅड, बाळाचे कपडे, ओआरएसच्या पुड्या, आजोबांचा चष्मा. खायचं म्हणाल तर आपण नशीबवान! कडक भाकरी, शेंगांची चटणी, गूळ-शेंगदाणे, भडंग. चूल न पेटवता चार दिवस निभतात.

*अंगावरचे कपडे.* निघताना साडी खोचून घ्या किंवा पंजाबी ड्रेस घाला. पायात पट्ट्याची चप्पल किंवा बूट. बघणाऱ्यांची लाज धरायची ही वेळ नव्हे.

*घर बंद करताना.* विजेचा मेन स्विच आणि गॅसचा रेग्युलेटर बंद. धान्य माळ्यावर किंवा बाजेवर उचलून ठेवा. शेजारणीला आणि एका नातेवाइकाला कुठं जातोय ते सांगा.

आपल्या भागातल्या कितीतरी जणी ऑक्टोबरनंतर ऊसतोडीला जातात. नदीकाठच्या फडात, पालात, कोपीत राहतात. त्यांच्यासाठी तर हे दुप्पट महत्त्वाचं. कोप कुठं उभी करायची हे मुकादम दाखवतो, पण पाणी आलं तर कुठं पळायचं, हे पहिल्याच दिवशी त्याला विचारायचा आपला हक्क आहे.

आणि चावी कुणाकडं?

घरातलं घरात झालं. आता गावाचं. गावात निवाऱ्याची जागा म्हणून शाळेचं नाव कागदावर असतं. पण रात्री अकरा वाजता शाळेची चावी कुणाकडं? हा एक प्रश्न पुढच्या महिला ग्रामसभेत विचारून बघा. जत शहरात असाल तर नगरपरिषदेत आपल्या वॉर्डाच्या सदस्याला विचारा. उत्तर लगेच आलं नाही, तर तिथूनच कामाला सुरुवात करायची आहे असं समजा.

त्याच्याच मागोमाग आणखी प्रश्न. तिथं बायकांसाठी वेगळा, आतून कडी असलेला संडास आहे का? उजेडाची सोय आहे का? बायका-लेकरांसाठी वेगळी खोली मिळेल का? पिण्याचं पाणी साठवायला टाकी? जनावरं बांधायला जवळ जागा? हे प्रश्न पुरुष विचारत नाहीत. त्यांना गरजच पडत नाही, म्हणून सुचत नाहीत. आपण विचारले नाहीत तर कुणीच विचारणार नाही आणि मग वेळ आल्यावर आपणच "तिथं जाण्यापेक्षा घर बरं" म्हणणार.

बचत गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा करून झाले की दहा मिनिटं यासाठी काढा. गल्लीत कुणाचं मातीचं घर, कुणाकडं अंथरुणावर माणूस, कुणाला दिवस गेलेत, कोण एकटी राहते, याची यादी गावात आपल्याइतकी कुणाला ठाऊक असणार? अंगणवाडीताई, आशाताई आणि गट यांनी मिळून ही यादी केली, एकेका गल्लीला एकेक जण वाटून घेतली, की निरोप घरोघर जायला अर्धा तास पुरतो. आपल्या पूर्व भागात, उमदी-संखकडं कितीतरी घरांत कन्नड बोलतात. तिथं निरोप कन्नडमधूनच जायला हवा, मराठीतला इशारा आजीला अर्धाच कळतो.

फोन नंबरही पाठ असू द्या. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, कुठल्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेला १०८. सरकारचं 'सचेत' ॲप आपल्या भागाचे इशारे मोबाईलवर देतं. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या "धरण फुटलं"छाप मेसेजवर विश्वास ठेवण्याआधी तिथं बघा.

घरी परतल्यावर

पाणी ओसरलं की घाई होते ती घर धुवायची. जरा थांबा. आधी मोबाईलवर सगळ्या नुकसानीचे फोटो काढा, मग झाडू घ्या. पंचनाम्याला तलाठी (आताचे ग्राम महसूल अधिकारी) आले की ते फोटो उपयोगी पडतात. भिजलेल्या भिंतीचा भरवसा धरू नका, आत झोपायच्या आधी जाणत्या गवंड्याला दाखवा. वायरिंग वाळल्याशिवाय आणि वायरमनने बघितल्याशिवाय मेन स्विच लावू नका. अडगळीत हात घालण्याआधी काठी फिरवा, साप-विंचूही आपल्यासारखेच निवारा शोधत आलेले असतात. पाणी उकळूनच प्या, विहीर आणि टाकीत ब्लिचिंग टाकून घ्या. आणि पंचनाम्याच्या कागदावर आपलं नाव, आपलं नुकसान आलंय का तेही बघा. गेलेली शिवणाची मशीन, शेळ्या, कोंबड्या, शेवयाचं यंत्र ही बहुधा बाईची मिळकत असते, आणि सांगितलं नाही तर ती मोजायची राहून जाते.

मैत्रिणींनो, हे सगळं वाचून घाबरायचं काही कारण नाही. जतला दरवर्षी वादळ येणार नाही. दहा वर्षांत एखादं येईल, कदाचित तेही नाही. पण आपण बायका तशाही न आलेल्या दिवसाची तयारी करतच असतो. उन्हाळ्यात पावसाळ्याचे पापड करतो, लोणचं घालतो, गोवऱ्या रचून ठेवतो. डब्याच्या तळाशी चार नोटा दडवून ठेवतो, त्या कशासाठी ते कुणी विचारत नाही. त्यातच ही एक प्लॅस्टिकची पिशवी वाढवायची आहे, आणि एक वाक्य घरात मोठ्यानं बोलून ठेवायचं आहे: "वेळ आली तर मी लेकरांना आणि आत्याबाईंना घेऊन निघणार. तुम्ही तिथंच या."

एवढं एक वाक्य या आठवड्यात बोलून बघा. आणि हो, शाळेची चावी कुणाकडं आहे, तेवढं तेवढं विचारायचं विसरू नका!